चौथ्या चाकाचा प्रश्न

आमच्या जुन्या घराच्या ओटीवर सुंभाने विणलेली एक बाज होती. शेणाने सारवलेल्या खळ्यात ती कुठेही टाका, चारही पाय जमिनीला टेकत. पुढे घरात लोखंडी पाइपाचे टेबल आले. ते बाजेपेक्षा कितीतरी मजबूत, पण त्याच खळ्यात डुगडुगायचे. एका पायाखाली करवंटीचा तुकडा सारल्याशिवाय त्याच्यावर पाण्याचा तांब्या ठेवता येत नसे. बाजेचे सांधे सैल होते आणि टेबलाचे जोड वेल्डिंगचे होते, एवढाच फरक. मजबूत वस्तू डुगडुगते आणि सैल वस्तू स्थिर राहते, याचे लहानपणी नवल वाटे. त्यामागचे कारण मला पन्नाशीत नीट कळले, आणि तेही एका गाडीमुळे.

कारण भूमितीचे आहे. तीन बिंदूंतून एक सपाट पृष्ठ नेहमीच जाते, म्हणून तिपाई कुठेही टेकते. चौथा बिंदू त्याच पृष्ठावर येईल याची हमी नसते. चार पायांच्या वस्तूला खडबडीत जमिनीवर चारही पाय टेकायचे असतील, तर तिला स्वतःला थोडे पिळून घ्यावे लागते. बाज पिळते, टेबल पिळत नाही. गाडीला चार चाके असतात आणि आमच्याकडची जमीन सपाट नाही. तेव्हा गाडी किती पिळते, ते कसे मोजायचे आणि त्या मापावर कितपत विसंबायचे, हा या लेखाचा विषय आहे. ऑफ-रोडवाले याला ‘फ्लेक्स’ म्हणतात. आमचे मेस्त्री ‘मुरड’ म्हणतात. मला त्यांचा शब्द अधिक पटतो. तोच पुढे वापरतो.

गाडी का बांधली

राजापूर तालुक्यातली आमची सामाईक आंब्याची बाग सड्याच्या कडेला आहे आणि वाडी खाली. मधली वाट जांभ्याची. पावसाने माती धुऊन नेली आहे आणि उरलेल्या कातळाला पायऱ्या पडल्या आहेत. पूर्वी पेट्या डोक्यावरून उतरवत. आता डोक्यावरून वाहणारी माणसे नाहीत आणि टेम्पो त्या वाटेला लागत नाही. म्हणून जुन्या जीपच्या चासीवर, पाठीमागे हौदा असलेला एक छोटा ट्रक आम्ही घरीच बांधायचा ठरवले. मी इंजिनिअर नाही. जे शिकलो ते जुन्या पुस्तकांतून, वर्कशॉप मॅन्युअलांतून आणि मेस्त्रींच्या शेजारी उकिडवे बसून.

चासी सीजे-३बी घडणीची. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला जीपची जुळणी सुरू झाली, आणि विलिजने १९५३ मध्ये आणलेली ही घडण पुढे आपल्याकडे अनेक दशके चालू राहिली. त्यामुळे तिचे सुटे भाग आजही मिळतात आणि तिच्यावर हात बसलेली माणसेही भेटतात. पुढच्या आणि मागच्या आसांमधले अंतर ८० इंच, म्हणजे २०३ सेंटीमीटर. डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर आमच्या गाडीत १२३ सेंटीमीटर. चारही कोपऱ्यांना पाटे.

एक गोष्ट आधीच सांगतो. अशी गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम नोंदणीकृत गाडीत मनाजोगता बदल करू देत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते आणखी स्पष्ट केले. आमची गाडी बागेपासून वाडीच्या कुंपणापर्यंत चालते, त्यापुढे नाही. पण खासगी वाटेवर उलटलेली गाडीही माणसाच्या अंगावरच पडते. कायद्याच्या कक्षेबाहेर असलेल्या गाडीची तपासणी बांधणाऱ्यानेच करायची असते, हे मला उशिरा उमगले.

मुरडीच्या निरनिराळ्या तऱ्हा

हा प्रश्न चाकाइतकाच जुना असावा. बैलगाडीने तो टाळला. दोन चाके आणि जोखडाचा एक आधार मिळून तिचे तीनच बिंदू होतात, म्हणून ती कुठल्याही पाणंदीतून जाते. शेतातल्या ट्रॅक्टरने तो वेगळ्या रीतीने सोडवला. त्याची मागची चाके सांगाड्याला पक्की असतात, पण पुढचा आस मधोमध एका खिळीवर तराजूच्या दांडीसारखा झुलतो. वरचा सांगाडा त्या खिळीवर एकाच ठिकाणी टेकलेला असतो. म्हणजे चार चाकांचा ट्रॅक्टर खरे तर तिपाईच आहे. स्प्रिंग नसूनही नांगरलेल्या ढेकळांत त्याची चारही चाके जमिनीला लागून राहतात. तोल मात्र तिपाईइतकाच असतो. उतारावर ट्रॅक्टर कलंडतात, त्याचे एक कारण हेही आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत शेतीसाठी निघालेल्या युनिमॉगने स्प्रिंगा तर वापरल्याच, शिवाय चासीलाही पिळू दिले. पुठ्ठ्याची गोल नळी दोन हातांत धरून पिळून पाहा, पिळत नाही. तीच नळी लांबीभर एका रेषेत कापा. आता सहज पिळते. उघड्या छेदाची पट्टी आणि बंद नळी यांत हा फरक असतो. आपल्या मालवाहू ट्रकांच्या चासीचे लांब दांडे इंग्रजी सी अक्षरासारखे उघडे असतात, त्यामागेही हाच हिशेब आहे. चंद्रावर २३ ऑगस्ट २०२३ रोजी उतरलेल्या चांद्रयान-३ मधल्या प्रज्ञान रोव्हरला तर स्प्रिंगच नव्हती. त्याच्या सहा चाकांना नुसते झुलते दांडे होते. दोन्ही बाजूंचे दांडे एकमेकांशी असे जोडलेले असतात की एक बाजू वर गेली तर मधला डबा तिच्या निम्माच कलतो. मंगळावरच्या अमेरिकन रोव्हरांचीही तीच रचना आहे. ते सेकंदाला काही सेंटीमीटर चालतात म्हणून त्यांना स्प्रिंगेवाचून जमते.

जीपचे तंत्र या सगळ्यांच्या मधले आहे. अखंड आस आणि त्याच्यावर पाटे. एक चाक दगडावर चढले की आस कलतो, त्या बाजूचा पाटा दबतो आणि दुसऱ्या बाजूचा सुटतो. बोडी थोडी कलते, मागचा आस तिच्या मानाने उलट्या बाजूला झुकतो, आणि अशी चौघांत मिळून मुरड वाटली जाते.

ही वाटणी समजून घेण्यासारखी आहे. समजा, चारही कोपऱ्यांना सारख्या स्प्रिंगा थेट चाकांवर बसवल्या आहेत आणि एक चाक काही उंचीवर उचलले. त्या उंचीचा चौथा हिस्सा प्रत्येक स्प्रिंगेच्या वाट्याला येतो. उचललेल्या चाकाची आणि त्याच्या तिरक्या समोरच्या चाकाची स्प्रिंग तेवढी दबते, उरलेल्या दोघींची तेवढीच सुटते. गाडीच्या वजनाने स्प्रिंग मुळात तीन सेंटीमीटर दबलेली असेल, तर ती तीन सेंटीमीटर सुटली की तिच्यावरचा भार संपला. म्हणून चाक अधांतरी होण्याची उंची मूळ दाबाच्या चौपट, म्हणजे बारा सेंटीमीटर.

जीपला यात एक फायदा आहे. तिचे पाटे चाकांवर नसून आत चासीखाली असतात. आमच्या गाडीत दोन पाट्यांमध्ये ७१ सेंटीमीटर अंतर आहे आणि चाकांमध्ये १२३. चाक जितके हलते त्यापेक्षा पाटा कमी हलतो, आणि पाट्याचा जोरही चाकापर्यंत कमी पोहोचतो. दोन्हीकडे तेच गुणोत्तर, म्हणून त्याचा वर्ग घ्यायचा. तो तीन येतो. बाराचे छत्तीस सेंटीमीटर होतात. माल वाहायचा म्हणून मेस्त्रींनी पाटे जाड घातले होते आणि रिकाम्या गाडीखाली ते जेमतेम तीन सेंटीमीटर दबत होते. कागदावरचा माझा आकडा होता छत्तीस.

उतरणीवरची परीक्षा

अमेरिकेतल्या ऑफ-रोड मासिकांनी मुरड मोजण्याची एक सोपी रीत रूढ केली. २० अंशांची उतरण बांधायची. गाडीचे एकच पुढचे चाक तिच्यावर चढवायचे, बाकीची तीन सपाट जमिनीवर. दुसरे कुठलेही चाक जमीन सोडायला लागले की थांबायचे. बहुधा ते त्याच बाजूचे मागचे चाक असते. उतरणीवर जितके अंतर चढले त्याला दोन आसांमधल्या अंतराने भागायचे आणि हजाराने गुणायचे. गाडीने आपल्या आसांतराइतके अंतर चढले तर गुण हजार.

आम्ही उतरण जांभ्याच्या चिऱ्यांवर फणसाच्या जाड फळ्या टाकून बांधली. कोन ओळंब्याने आणि मोजपट्टीने पक्का केला: फळीवर शंभर सेंटीमीटर गेले की उंची ३४.२ आली पाहिजे. खळ्याची पातळी गवंड्याच्या पाणी भरलेल्या नळीने तपासली, कारण खळेच तिरके असेल तर परीक्षा खोटी ठरते. बोडीच्या मागे आणि दोन्ही आसांवर एकेक ओळंबा टांगला. चाकाने जमीन कधी सोडली हे डोळ्याला नेमके कळत नाही. त्यासाठी मागच्या चाकाखाली वर्तमानपत्राची घडी सारली. ती ओढून सहज निघाली की चाक सुटले.

पहिल्या दिवशी गाडी ९१ सेंटीमीटर चढली. गुण ४४८, चाकाची उंची ३१ सेंटीमीटर. कागदावर ३६ होते. पाच सेंटीमीटर गेले कुठे? पाट्याची पाने एकमेकांवर घासतात आणि ते घर्षण मुरडीला अडवते, शिवाय शॅकलचे बुश गंजलेले. मेस्त्रींनी पाने सोडवली, साफ केली, बुश बदलले. दोन सेंटीमीटर परत मिळाले.

या परीक्षेचा आकड्याहून मोठा एक उपयोग आहे आणि तो कुठल्याही गाडीला लागू पडतो. मुरडलेली गाडी तशीच उभी करून तिच्याखाली बॅटरी घेऊन शिरायचे. ब्रेकचा रबरी होज ताणला जातो का, प्रॉपेलर शाफ्टचा सरकता सांधा किती बाहेर आला, टायर कुठे घासतो, शॉकअब्सॉर्बर पाट्याच्या आधीच संपतो का, स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर काय होते. आमचा मागचा होज तारेसारखा ताठ झाला होता. तो वाटेवर तुटला असता तर ब्रेक नेमके उतारावर गेले असते. खळ्यात ते उभ्या गाडीत दिसले. आकडा कितीही येवो, एवढ्यासाठी तरी ही परीक्षा प्रत्येकाने करावी.

मी मात्र आकड्याच्या मागे लागलो.

आकडा चढला

४४८ हा काही फुशारकीचा आकडा नव्हे. आम्ही मागच्या पाट्यांतली दोन पाने काढली, शॅकल लांब केले, पाट्यांच्या बैठका बदलून गाडी दहा सेंटीमीटर उचलली, शॉकअब्सॉर्बर आणि होज लांब घातले. पुढे इंजिनाचे ओझे म्हणून पुढच्या पाट्यांना हात लावला नाही. गाडी १३८ सेंटीमीटर चढली. गुण ६८०, उंची ४७. मी खडूने हौद्यावर तो आकडा लिहिला. मेस्त्री म्हणाले, ‘‘भाऊ, चढली खरी. उतरायची आहे अजून.’’

त्या दिवशीच्या वहीत दुसरे आकडेही होते आणि ते मी नीट वाचले नव्हते. पहिल्या परीक्षेत पुढचा आस १५ अंश कलला होता आणि बोडी साधारण साडेसात, बरोबर निम्मी. दुसऱ्या परीक्षेत आस साडेबावीस अंश कलला आणि बोडी १६. निम्म्याच्या हिशेबाने अकरा-सव्वाअकरा व्हायला हवी होती. अर्थ उघड होता. पुढचे पाटे कडकच राहिले होते, म्हणून बोडी पुढच्या आसाबरोबर कलत होती आणि बहुतेक मुरड एकटा मागचा आस देत होता. गुणांत हे दिसत नाही. पुढच्या-मागच्या समान वाटणीने मिळालेले ६८० आणि एकट्या मागच्या आसाने दिलेले ६८० मासिकाच्या तक्त्यात सारखेच.

मे महिन्यात पंधरा क्रेट आंबा घेऊन गाडी खाली येत होती. सुमारे तीनशे किलो, दोन थरांत. स्टिअरिंगवर मी. हौद्यात बागेचे दोन राखणदार, दोघेही नेपाळहून आलेले, क्रेट धरून उभे. वाट जिथे आडव्या उतारावरून जाते तिथे वरच्या बाजूचे पुढचे चाक एका कातळावर चढले. वेग चालणाऱ्या माणसाइतका. बोडी खालच्या बाजूला कलली आणि कलतच राहिली. मागचे मऊ पाटे ओझ्याखाली दबत गेले, वरच्या थरातले क्रेट घसरले, त्यांच्या वजनाने ती आणखी कलली. वरच्या बाजूच्या राखणदाराने डोंगराकडे उडी टाकली. गाडी खालच्या गडग्याला टेकून थांबली. दुसऱ्या राखणदाराचा पाय हौद्याची फळी आणि गडगा यांच्यापासून वीतभर दूर होता. चार क्रेट फुटले. त्या जागी गडगा आहे हा योगायोग. दहा पावलांपुढे तो नाही.

वाईट रस्ता किंवा जुना माल यांच्यावर दोष ढकलता येण्यासारखा नव्हता. माझे सगळे बेत, सगळी मापे माझ्या वहीत होती. मी रिकाम्या गाडीची परीक्षा घेतली आणि भरलेल्या गाडीत माणसे उभी केली.

दुसरे माप: उंची

मुरडीच्या परीक्षेत गाडी जितकी सैल तितके गुण अधिक. आडव्या उतारावर नेमके उलटे असते. तिथे दोन गोष्टी चालतात: चाकांमधले अंतर आणि गुरुत्वमध्याची उंची. अंतराला उंचीच्या दुपटीने भागले की जो आकडा येतो तो गाडी किती आडव्या कोनावर कलंडेल हे सांगतो; एक आला तर ४५ अंश. ही ताठ, न दबणाऱ्या गाडीची मर्यादा झाली. पाट्यांवरची गाडी खालच्या बाजूला झुकते, म्हणून तिची खरी मर्यादा याहून कमी असते.

चाकांमधले अंतर पट्टीने मोजता येते. गुरुत्वमध्याची उंची मोजायला गाडी तोलावी लागते. त्याची रीत जुनी आहे आणि घरी करता येते. काजूच्या वखारीतले दोन सपाट काटे आणून मागच्या दोन चाकांखाली ठेवले. पाटे हलू नयेत म्हणून चासी आणि आस यांच्यात लाकडी ठोकळे ठोकले. ब्रेक सोडले, गिअर काढला. चाक अडलेले असेल तर काटा खोटे वजन दाखवतो. मग गॅरेजच्या तुळईला लावलेल्या चेन-पुलीने पुढचा आस सरळ वर उचलला, गाडी २० अंशांनी कलेपर्यंत. गाडी पुढून उचलली की गुरुत्वमध्य मागे सरकतो आणि मागच्या चाकांवरचे वजन वाढते. गुरुत्वमध्य जितका उंच तितका तो अधिक सरकतो. डोक्यावर घागर घेतलेली बाई मागे झुकली तर लगेच तोल जातो आणि कमरेवर घेतलेली सावरते, तसेच.

गाडीचे एकूण वजन १२४० किलो. उचलल्यावर मागच्या चाकांवर ८२ किलो वाढले. वाढलेल्या वजनाला आसांतराने गुणायचे, आणि एकूण वजनाला कोनाच्या स्पर्शज्येने, म्हणजे २० अंशांच्या ०.३६४ ने, गुणून त्याने भागायचे. उत्तर ३७ सेंटीमीटर. ही चाकांच्या मध्यापासूनची उंची. चाकाची त्रिज्या ३८ मिळवली की जमिनीपासून ७५.

रिकाम्या गाडीचा आकडा आला ०.८२, म्हणजे सुमारे ३९ अंश. तीनशे किलो आंब्याचा मध्य जमिनीपासून १२० सेंटीमीटरवर होता. तो धरला की दोन्हींचा मिळून गुरुत्वमध्य ८४ वर जातो, आकडा ०.७३ वर उतरतो आणि कोन ३६ वर. तीन अंश फार वाटत नाहीत. पण ही ताठ गाडीची मर्यादा आहे. तिच्यातून मऊ पाट्यांचा झुकाव वजा करा, कातळावर चढलेल्या चाकाची उंची वजा करा, घसरलेले क्रेट वजा करा, हौद्यात उभी असलेली दोन माणसे वजा करा. आमच्या वाटेचा आडवा उतार त्या जागी १४ अंश आहे. उरलेले सगळे अंश आम्हीच खर्च केले होते.

तिसरे माप: चाकावर उरलेले वजन

त्यानंतर पावसाळाभर गाडी बंद होती. त्या काळात जे आधी करायला हवे होते ते केले. ओळंबा आणि पट्टी घेऊन वाटेवरची प्रत्येक पायरी मोजली. सर्वांत उंच पायरी निघाली २८ सेंटीमीटर. पहिल्या दिवशीची कडक गाडी ३१ सेंटीमीटरला चाक सोडत होती. म्हणजे चाके तेव्हाही टेकतच होती, तरी गाडी त्या पायरीवर अडकून चाक फिरवत बसायची, हे आम्ही सगळ्यांनी पाहिले होते. मग चाक टेकून उपयोग काय?

हा खरा प्रश्न होता, आणि उतरणीची परीक्षा तो विचारतच नाही. ती चाक कधी सुटले एवढेच पाहते. सुटण्याआधी त्याच्यावर किती वजन उरले होते हे पाहत नाही. वखारीतला काटा पुन्हा आणला. पुढचे चाक २८ सेंटीमीटरच्या ठोकळ्यावर चढवले आणि त्या बाजूच्या मागच्या चाकाखाली काटा ठेवला. सपाटीवर त्या चाकावर तीनशे किलो असतात. दुसऱ्या, मऊ अवस्थेत ठोकळ्यावर १२० किलो उरले. पहिल्या अवस्थेचे पाटे पुन्हा चढवून पाहिले. उरले फक्त ३५.

साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो. त्यामुळे आसाचा एकूण जोर हलक्या चाकाच्या पकडीच्या दुपटीपलीकडे जाऊ शकत नाही. दुसऱ्या चाकावर पाचशे किलो असले तरी ते वाया जातात. समोरच्या आसावरही तिरक्या बाजूचे चाक जवळपास तितकेच हलके होते. कोरड्या जांभ्यावर पकडीचा गुणांक ०.६ धरला, तर चारही चाकांचा मिळून जोर म्हणजे हलक्या चाकावरच्या वजनाची चौपट गुणिले ०.६. पहिल्या अवस्थेत हे ८४ किलो होतात, दुसऱ्यात २८८. त्या पायरीपाशी वाट दहा मीटरला दीड मीटर चढते. १२४० किलोच्या गाडीला तिथे सुमारे १८५ किलो जोर लागतो. पहिली गाडी का अडकायची हे एका ओळीत कळले. आणि दुसरी गाडी गरजेपेक्षा शंभर किलो अधिक जोर बाळगून होती, त्यासाठी तिने आपला तोल विकला होता, हेही.

मग मधली जागा शोधणे आले. मागचे एक पान परत घातले, पुढचे एक काढले, उचललेली गाडी सहा सेंटीमीटर खाली आणली. हौद्याचा तळ चासीच्या दांड्यांमध्ये उतरवला आणि क्रेटच्या एकाच थराला कुंपण केले. उतरणीवर गाडी ११८ सेंटीमीटर चढली, गुण ५८१. आस १९ अंश, बोडी दहा. वाटणी पुन्हा निम्म्यावर आली. २८ सेंटीमीटरच्या ठोकळ्यावर हलक्या चाकावर ९५ किलो, म्हणजे जोर २२८, लागतात १८५. रिकाम्या गाडीचा गुरुत्वमध्य ७० वर आला आणि भरलेलीचा ७५ वर. पूर्वी रिकामी गाडी जितकी स्थिर होती, तितकी आता आंबा भरलेली आहे.

दोन्ही चाके एकत्र फिरवणारा लॉकर बसवला असता तर मऊ पाट्यांची गरजच उरली नसती, असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण लॉकरची किंमत आमच्या गाडीच्या किमतीला लाजवणारी, आणि वळणावर तो स्टिअरिंगशी भांडतो. शिवाय अधांतरी चाक लॉकरने फिरते, टेकत नाही. ब्रेक दाबल्यावर टेकलेल्या चाकाचा उपयोग होतो.

उतरणीच्या गुणांविषयी आणखी एक सांगायचे आहे. आसांतराने भागल्यामुळे आखूड गाडीला आपोआप झुकते माप मिळते. तीच ११८ सेंटीमीटरची चढण २५४ सेंटीमीटर आसांतराच्या गाडीने केली, तर तिचे गुण ४६५ होतात. दोघींची चाके मात्र सारखीच उचललेली असतात. कोणी २३ अंशांची उतरण बांधतो, कोणी ३० ची. ते आकडे एकमेकांशेजारी मांडण्यात अर्थ नाही. हे माप खोटे नाही. ते एका प्रश्नाचे उत्तर आहे, आणि तो प्रश्न आपल्या वाटेचा आहे का हे आपल्यालाच पाहावे लागते.

आता नियम असा आहे: उतारावर भरलेल्या हौद्यात कोणी बसायचे नाही, उभे राहायचे नाही. राखणदार गाडीच्या वरच्या बाजूने चालत येतात. तो वीतभर अंतरावरून बचावलेला राखणदार या हंगामातही आला. पहिल्या फेरीला तो हौद्याकडे न बघता सरळ वाटेला लागला, आणि मला काही सांगावे लागले नाही.

हौद्यावरचा ६८० पावसात धुऊन गेला. त्या जागी मेस्त्रींनी ऑइलपेंटने दोन आकडे रंगवले आहेत: ‘पायरी २८’ आणि ‘थर १’. नव्या माणसाला गाडी देताना एवढेच वाचून दाखवतो.